नो पार्किंगमधलं नीलवंत

"ओ मॅडम, गाडी तिथे नाही लावायची!"

ठाकुर्लीहून स्कूटर हाणत, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत कंबर मोडून घेत इथवर यायचं, आणि कानावर पहिलं वाक्य काय पडावं, तर हे! आधीच माझे दोन रविवार वाया गेले होते. पहिल्या रविवारी "पाऊस आहे, आतली वाट बंद." दुसऱ्या रविवारी "आजची माणसं पूर्ण झाली, येताना फोन करत जा." फोन केला तर उचलतंय कोण? आणि हे सगळं सांगणारा दर वेळी हाच... गुरुदत्त. या फुलपाखरांच्या वाडीचा मालक. सावळा, उंच, पायात गमबूट, आणि हसला की गालाला खळी. ती खळी मला पहिल्याच रविवारी दिसली होती, म्हणून तर राग जास्त यायचा.

"मग कुठे लावू? डोक्यावर घेऊन फिरू?"

"खाली पार्किंग आहे ना."

"ते पार्किंग आहे? त्या चिखलात म्हैस बसेल, माझी स्कूटर नाही."

"इथे लिंबाची झाडं आहेत, मॅडम. अळ्या असतात त्यांच्यावर."

"माझी स्कूटर पाला खात नाही."

तो हसला. खळी! मी मुद्दाम लिंबाखालीच स्कूटर लावली आणि आत गेले. मला फक्त नीलवंत बघायचं होतं... ते मोठं, काळं, निळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू. दोन तास मान वर करून फिरले, पण ते काही दिसलं नाही.

"तुमच्या आवाजाला घाबरलं असेल," हा म्हणतो कसा!

परत निघाले तर धो धो पाऊस आणि स्कूटर ठप्प. शेवटी ती तिथेच टाकून रिक्षाने निघाले.

गुरुवारी हाफ डे टाकला, मेकॅनिकला घेऊन वाडीत गेले, तर हा पठ्ठ्या स्कूटरपुढे हात पसरून उभा.

"थांबा! आरशाला हात लावू नका."

आरशाच्या दांड्याला एक हिरवा कोष चिकटला होता... कमरेला रेशमाचा धागा बांधून, मागे रेलून, अगदी आरामात.

"नीलवंत आहे," तो हळूच म्हणाला. "पंधराएक दिवस गाडी हलवता यायची नाही."

"पंधरा? अहो, रोज वागळे इस्टेटला ऑफिसला जाते मी तिच्यावरून! आता काय उडत जाऊ?"

"ठाण्यापर्यंत ट्रेनने या. स्टेशनवरून मी बाईकने सोडतो."

मेकॅनिकने आरशाला धक्का न लावता प्लग साफ करून दिला, गालातल्या गालात हसला आणि सटकला. मी चावी पर्समध्ये टाकली. माझंच नीलवंत, माझ्याच गाडीवर...

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात सुरू झाली. हा रोज उशिरा यायचा, मी रोज फणफणायचे.

"कसा आहे कोष?"

"शांत आहे. तुमच्यावर गेला नाही."

एका सकाळी पाऊस आला, तर स्वतःचा रेनकोट मला दिला आणि स्वतः चिंब. वर सिग्नलला शिंकत बसला. तेव्हा माझं लक्ष गेलं...

"आरसा वाकडा आहे तुमचा. मागचं काय दिसणार त्यात?"

"दिसतंय की," तो आरशात बघत म्हणाला. "नाक लाल झालंय, राग आलाय..."

मी रेनकोटची टोपी खाली ओढली. मेला!

असा आठवडा उलटल्यावर रविवारी वाडीत गेले, तर गेटवर त्याची आत्या बसली होती, आवडाबाई.

"काय गो पोरी, तुजी गारी अजून हितंच? गेल्या साली शाळेच्या बसला असाच कोष लागलेला. आमच्या गुरूनंच अलगद सोडवून दोऱ्यानं झाडाला बांधला. बस बी गेली नि पाखरू बी उडालं. तुज्या गारीला काय झालं?"

माझं डोकंच सणकलं. तशीच लिंबाखाली गेले.

"कोष हलवता येतो?"

त्याचा चेहरा उतरला. "...येतो."

"मग इतके दिवस मला मूर्ख बनवलंत?"

"त्या दिवशीच हलवला असता, तर चिखलाला शिव्या घालत गाडी घेऊन गेला असतात. आणि मग?" त्याने मान खाली घातली. "परत आला असतात का? आवडता तुम्ही मला, योगिनी. भांडता तेव्हा तर... फारच. पण खोटं बोललो, चुकलंच माझं. आत्ता सोडवतो. गाडी घेऊन जा."

त्याने खिशातून दोरा काढला. मला त्याचा संताप आला होता, अगदी खरा संताप. पण उद्या स्टेशनबाहेर कुणी थांबलेलं नसेल, हेही मनात आलं. त्याची बोटं कोषाजवळ पोचली...

"खबरदार हात लावलास तर!"

गेटवर आवडाबाईंनी मान वळवली. तो तर बघतच राहिला.

"पण... गाडी नो पार्किंगमध्ये आहे."

"राहू दे."

"आणि ऑफिस?"

"उद्या साडेआठला स्टेशनवर ये. उशीर केलास तर बघ! आणि तुझ्या बाईकचा तो वाकडा आरसा..." मी दुसरीकडे बघत म्हटलं, "आहे तसाच ठेव."