पंचाक्षरी काका सध्या काय वाचतायत

शरच्चंद्र सरांनी ते पुस्तक वाचून संपवलं.

नाही. संपवलं नाही. वरचं वाक्य मी लिहिलेलं नाही आणि तुम्ही वाचलेलं नाही. घरात सगळ्यांचं तसंच ठरलंय.

बाकीचं मात्र अक्षरन् अक्षर खरं आहे. सर माझे मामा, पण अख्खं जुळे सोलापूर त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही. त्यांची मुलगी उर्वी. जे झालं ते तिच्यासमोर झालं.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. वेळ दुपारची. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मे महिन्यात सोलापूरच्या रस्त्यावर दुपारी उभं राहून बघावं. माणूस नसतो. कुत्रं नसतं. आपली सावलीसुद्धा पायाखाली लपून बसते.

सर एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होते. नाव, ‘सध्या काय वाचताय?’ बहुतेक निवृत्त मंडळी. ॲडमिन अण्णाराव दर रविवारी हाच प्रश्न टाकायचे. प्रत्येकानं आपल्या पुस्तकाचं नाव लिहायचं, आणि वाचून झालं की कुणाचं तरी नाव घेऊन ते सुचवायचं. ज्याचं नाव येईल त्याच्या फाटकाला पुस्तक पिशवीत घालून अडकवायचं.

आणि नाव आलं की वाचायचंच. नाही म्हणायची पद्धत नव्हती.

मे लागता लागता ग्रुपमधले पंचाक्षरी काका गेले. सरांचे जिवलग. त्यांच्यात मांडी घालून बसवून पुरतात. काकांचं एक पुस्तक अर्धवट राहिलं होतं, म्हणून त्यांच्या मुलानं, अमरेशनं, ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. ‘सोलापूर प्रांतातील पेवे.’ पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्यावर जाडजूड पुस्तक. असतात अशी पुस्तकं.

ग्रुपवर बातमी आली. सगळ्यांनी हात जोडले. गेलेल्या माणसाला ग्रुपमधून काढणं बरं दिसत नाही, म्हणून कुणी काढलं नाही. त्यात नेमका रविवार. अण्णारावांनी सवयीनं श्रद्धांजलीच्या खालीच टाकलं, ‘सध्या काय वाचताय?’



आणि मग वर अक्षरं आली…

पंचाक्षरी टायपिंग…

‘तेच. पेवे. आज झालं. इथं निवांत वाचता येतं. चेतनाताईंना सुचवतो.’

अमरेश चिडला. ‘सिम मी माझ्या हातानं मोडलंय. असली चेष्टा बरी नव्हं.’

दुसऱ्या दिवशी चेतनाताईंच्या फाटकाला पिशवी होती. आत पुस्तक. पानापानात ओली काळी माती. अमरेशनं ते बघताक्षणी ओळखलं. त्याच्या घरी पुस्तकाची एकच प्रत होती.

चेतनाताई जुन्या शिस्तीच्या. माती झटकून वाचायला बसल्या. एका दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘वाचून झालं.’ मग आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. सोलापुरात हे कारण अर्धं वर्ष चालतं.

पुढच्या रविवारी…

‘चेतनाताई पोचल्या. चर्चा छान झाली. त्यांना शैली रुक्ष वाटली. तिसरं मत पाहिजे. सरांना सुचवतो.’

उर्वी फाटकाकडे पळाली.

पिशवी आधीच अडकवलेली होती.

आता सरांबद्दल एक सांगतो. या माणसानं आयुष्यात काहीही अर्धवट वाचून सोडलेलं नाही. मिक्सरसोबत आलेली माहितीपुस्तिका त्यांनी तमिळपर्यंत वाचली होती. तमिळ त्यांना येत नाही.

उर्वीनं चष्मा लपवला. सरांनी भिंग काढलं. तिनं भिंग लपवलं. ते गच्चीवर जाऊन उन्हात धरून वाचू लागले. शेवटी ती पुस्तक घेऊन गेली आणि तलावात फेकून आली. घरी आली तर पिशवी फाटकाला.

कोरडी.

तिनं अण्णारावांना फोन लावला. ‘काका, तुम्ही ॲडमिन आहात ना? काढा की त्यांना ग्रुपमधनं!’

‘काढलं की गं बाई. लई येळा काढलं. परत आत येतेत.’

‘मग ग्रुपच बंद करा!’

‘केला. चालूच हाय.’ अण्णाराव कुजबुजले. ‘उर्वी, माझं नाव तर न्हाय ना घेतलं त्यांनी?’

तिनं फोन ठेवला. हॉलमध्ये गार वाटत होतं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत गार. जुन्या ज्वारीचा आंबूस वास सुटला होता.

सर खोलीत झोपलेले. पुस्तक उशाशी, मिटलेलं.

आणि आवाज आला…

पान उलटल्याचा.

थोड्या वेळानं अजून एक.

सर उठले तेव्हा खुणेचं एसटीचं तिकीट बरंच पुढे सरकलेलं होतं. ‘मी कधी वाचलं गं हे? पण आठवतंय सगळं. पेवात उतरायच्या आधी कंदील सोडायचा. विझला तर आतली हवा विषारी, उतरायचं नाही.’

‘बाबा, विझलाय कंदील! दिसत नाही का तुम्हाला? सोडा ना एकदा अर्धवट. माझ्यासाठी. पाया पडते.’

सरांनी तिकीट पुन्हा पानात सारलं.

‘चाळीस वर्षं पंचाक्षरी आणि मी पुस्तकांवरनं भांडलो, बाळा. त्याला आता तिकडं भांडायला कुणी नाही. चेतनाताई फार सौम्य बोलतात.’

‘आणि मला कोण आहे?’

सरांनी पुस्तक उघडलं.

उर्वीनं सरांच्या फोनवर ग्रुप उघडला. लिहिलं, ‘काका, मी वाचते पुस्तक. मला सुचवा. बाबांना सोडा.’

पंचाक्षरी टायपिंग…

‘तुला वाचनाची आवड नाही, बेटा.’

खरं होतं ते. उर्वी फरशीवर बसून रडली. रडता रडता तिनं आपल्या मोबाईलवर पेवात उतरलेल्या माणसाला बाहेर कसं काढतात ते शोधायला सुरुवात केली. उशीर झाला होता.

कारण आतून सरांचा आवाज आला, ‘आलं हो शेवटचं पान.’

ती धावली. सर खुर्चीत ताठ बसले होते. ओठ शेवटच्या ओळीवर हलत होते. वास इतका दाटला की श्वास घेववेना. पंखा फिरत होता आणि वारा नव्हता.

सरांनी पुस्तक मिटलं.

ग्रुपवर मेसेज वाजला. ‘सर, झालं का वाचून?’

सरांचा अंगठा ‘हो’ लिहायला खाली आला. उर्वीनं फोन हिसकावला, पुस्तक ओढून शेवटचं पान उघडलं. देवानं तिला काहीतरी दाखवावं म्हणून डोळे फाडून बघितलं. अगदी तळाला, बारीक अक्षरात एक ओळ होती. ‘याचा उलगडा दुसऱ्या भागात करू.’

तिनं लिहिलं, ‘नाही झालं. दुसरा भाग बाकी आहे.’



पंचाक्षरी टायपिंग…

थांबलं.

पंचाक्षरी टायपिंग…

‘असं होय. मग थांबतो.’

वास गेला. पंख्याचा वारा लागला. सर म्हणाले, ‘चहा टाक गं.’ उर्वी हसत सुटली, मग रडत सुटली. नंतर तिनं पुण्यात प्रकाशकाकडे चौकशी केली. लेखक पन्नास वर्षांपूर्वीच वारले होते. दुसरा भाग लिहिलेलाच नव्हता. लिहिणार कोण? म्हणजे सर सुटले. पुस्तक कधीच संपणार नव्हतं. घरात पुरणपोळी झाली.

पुढच्या रविवारी ग्रुपवर मेसेज आला.

‘आनंदाची बातमी. लेखक इथंच असतात. दुसरा भाग लिहायला घेतलाय. पहिलं प्रकरण झालंसुद्धा.’

तेव्हापासून सर रोज दुपारी फाटकाकडे तोंड करून बसतात. विचारलं की म्हणतात, ‘बघू, कसं लिहितोय.’ उर्वी बँकेत कारकून आहे. तिला एकच गोष्ट नीट लिहिता येते. ती तिनं तो मेसेज आला त्याच संध्याकाळी ग्रुपवर टाकली, अजून उत्तर नाही.

प्रति,
मा. लेखक महोदय, ‘सोलापूर प्रांतातील पेवे’
मार्फत : श्री. पंचाक्षरी

विषय : दुसरा भाग पूर्ण न करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आपण सदर लेखन सावकाश करावे. संदर्भ पुन्हा पुन्हा तपासावेत. शक्य झाल्यास पहिले प्रकरण फाडून नव्याने सुरू करावे. अर्जदाराचे वडील एकच आहेत. तरी या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.