प्रश्न उद्भवत नाही

त्या पत्राला बुद्धभूषणने उत्तर दिलं नव्हतं.

खरं तर उत्तरं देणं हीच त्याची नोकरी. विधानसभेत एखाद्या आमदाराने या भागाबद्दल प्रश्न विचारला की तो मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला असा घरंगळत येई आणि खिडकीजवळच्या त्याच्या टेबलावर पडे. त्याने उत्तराचा मसुदा लिहायचा, साहेबांनी सही करायची, आणि आल्या वाटेने कागद वर जायचा. तिथे मंत्रिमहोदय उभे राहून तेच वाचत. कोऱ्हाळ्याला त्याची आई, अक्काबाई, शेजारणींना सांगायची, "मंत्र्यानं काय बोलायचं ते आमचा भूषण लिवून देतो." ते ऐकून तो लाजून घरात शिरायचा.

अशा माणसाच्या खिशात डिसेंबरात आलेलं एक आंतरदेशीय पत्र मार्च उजाडला तरी तसंच होतं. शर्ट बदलला की पत्र नव्या शर्टाच्या खिशात जाई. उत्तर मात्र जात नव्हतं.

पत्र अंजलीचं होतं. आणि अंजली त्याला भेटली होती अशाच एका प्रश्नापायी.

ती गोष्ट पंच्याण्णव सालच्या जुलैतली. डाळजच्या पुढे, धरणाच्या फुगवट्यापलीकडे ढवळवस्ती म्हणून चाळीसेक घरं. पाणी वाढलं की रस्ता बुडायचा आणि अलीकडे यायला एक होडीच उरायची. मुलांची शाळा अलीकडे, बाजार अलीकडे, दवाखानाही अलीकडे. आमदारांनी प्रश्न टाकला होता : ही होडी जुनी व गळकी आहे, हे खरे आहे काय? असल्यास, मंजूर झालेली यांत्रिक बोट अद्याप न येण्याची कारणे काय?

"जाऊन बघून ये बाबा," साहेब म्हणाले, आणि बुद्धभूषण नवे बूट घालून काठावर आला.

पावसाची बारीक झड होती. वारा पाण्यावरून सरळ अंगावर येत होता. छत्री सांभाळत, फाईल पोटाशी धरून तो पलीकडचा काठ न्याहाळत उभा होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तुमी दोरावर उभं हाय."

"अं...?"

"दोरावर. होडीच्या. पाय उचला, न्हायतर आमच्यासंगं चला."

पांढऱ्या साडीचा काठ गुडघ्याजवळ खोचलेली, खांद्याला लशींचा निळा डबा लावलेली एक मुलगी होडीत बसली होती. कपाळावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. त्याने पाय उचलला. मग काय झालं कुणास ठाऊक — तो होडीतच चढला.

मध्यावर गेल्यावर त्याच्या पायांना गार लागलं. खाली पाहिलं तर बुटांच्या लेसा पाण्यावर तरंगत होत्या. तिने त्याच्या हातात पत्र्याचा डबा दिला.

"उपसा. आमच्या होडीचं तिकीट हेच."

"सायेब दिसत्यात, शिस्टरबाई," वल्हं मारणारा रावजी म्हणाला.

"साहेब नाही... कनिष्ठ लिपिक आहे मी."

"मग तर उपसाच," अंजली म्हणाली.

तो उपसू लागला. उपसता उपसता कशासाठी आलो ते त्याने सांगितलं, आणि ओंजळीने पाणी उपसणारे तिचे हात थांबले. "वाचा की मोठ्यानं," ती म्हणाली. त्याने वाचलं. होडी जुनी व गळकी आहे, हे खरे आहे काय?

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं हाय?"

"होय... हे खरे आहे."

"मग मला काय विचारता? लिवा तसं."

"लिहीन. जसं पाहिलं तसंच लिहीन."

"नाव काय तुमचं?"

"बुद्धभूषण."

"येवढं मोठं नाव, आन् आवाज येवढासा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. त्या हसण्यात थोडी खिल्ली होती, थोडा विश्वास होता. खिल्ली तो तिथेच विसरला. विश्वास घरी घेऊन आला.

त्याने खरं लिहिलं. पण अधिवेशनाची घाई होती, साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि वर एवढंच कळवलं, की माहिती घेण्यात येत आहे. मंत्र्यांनीही सभागृहात तेच सांगितलं. आता सरकारने माहिती घेतली जात आहे म्हटल्यावर कुणीतरी ती घ्यायला हवी. बुद्धभूषण ती दर रविवारी घेऊ लागला.

रविवारी दुपारी अंजली ढवळवस्तीवरून परत येई आणि निमगाव केतकीच्या घरी जायला एस.टी.ची वाट बघे. तो आधीच येऊन बसलेला असे. दोघं काठावरच्या बाभळीखाली बसत. ती डबा उघडून उरलेला बर्फ त्याच्या तळहातावर ठेवी आणि तो हात झटकतो का ते बघे. तो झटकत नसे.

"आपण दर रविवारी हितं येता, हे खरे आहे काय?" ती कागद वाचल्यासारखी विचारी.

"अंशतः खरे आहे."

"अंशतः का?"

"मागच्या रविवारी एस.टी. चुकली होती."

"असल्यास, येण्याची कारणे काय?"

तो पाण्याकडे बघे. "माहिती... घेण्यात येत आहे."

"लय दिवस घेताय ओ माहिती," ती म्हणे आणि पदराचं टोक पिळत उठे. "येखाद्या दिवशी प्रश्न विचारणाराच निघून जाईल."

एकदा निमगावच्या बाजारात तिचे वडील, भानुदास, समोर आले. बुद्धभूषणने घाईघाईने "जयभीम, तात्या" केलं. भानुदासांनी त्याला नखशिखांत पाहिलं, हातातली मेथीची जुडी मुलीकडे दिली आणि म्हणाले, "बूट वाळलं का तुमचं?" म्हणजे घरात सगळं माहीत होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

थंडी पडली. फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले. आणि नागपूरच्या अधिवेशनासाठी तोच प्रश्न पुन्हा आला. या वेळी पक्कं उत्तर हवं होतं.

साहेबांनी त्याला चहा मागवला. चहा मागवला की काहीतरी वाईट असतं, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"हे बघ, भूषण. दोन वर्षांपूर्वी आपणच कळवलंय की यांत्रिक बोट चालू हाय. मंत्र्यांनी ते सभागृहात वाचलंय. आता न्हाय म्हणालो, तर मंत्री खोटं बोलले असं होतं. मग हक्कभंग. मंत्री जिल्ह्याला धरणार, जिल्हा मला धरणार, मी तुला. त्यापेक्षा लिही — हे खरे नाही. मग दुसऱ्या भागाला काय लिहायचं?"

"प्रश्न उद्भवत नाही," बुद्धभूषण पुटपुटला. सवयीने.

"बघ, शिकवावं लागत न्हाय तुला. आन् तुझं अक्षर बघितलं की मंत्र्यालासुद्धा खरं वाटतं."

बोट कुठे होती? खरेदीच्या कागदात होती. आणखी कुठे नव्हती. त्याच्या पायांना ते गार पाणी आठवलं. आणि त्याने लिहिलं. वळणदार, एकही खाडाखोड न करता लिहिलं.

आमदारांकडून छापील उत्तर ढवळवस्तीवर पोचलं. बायकांनी ते अंजलीलाच वाचायला दिलं. रविवारी बुद्धभूषण आला तेव्हा ती बाभळीखाली उभी होती. डबा खांद्यावरच होता, उतरवला नव्हता.

"कुणी लिवलं हे?"

"वरून तसं..."

"वरून कुणी होडीत बसलं होतं का? मंत्री बसले होते? तुमचं साहेब बसले होते?"

"अंजली, हक्कभंग होतो. तुला कळत नाही, एकदा सभागृहात..."

"मला कळत न्हाय," ती हळू म्हणाली, आणि ते हळू बोलणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "वस्तीवरच्या साखरबाईची पोरगी दप्तर डोक्यावर घेऊन बसती होडीत. मी तिला सांगितलं, एक माणूस आलाय, खरं लिवणार हाय. तिला काय सांगू आता? तू भिजलीच न्हाईस म्हणून सांगू?"

ती रस्त्याकडे चालू लागली. एस.टी. नव्हती, तरी चालत राहिली.

चार-सहा दिवसांनी ते पत्र आलं. त्यात ख्यालीखुशाली नव्हती. फक्त तीन प्रश्न होते.

(१) जुलै महिन्यात आपण होडीत बसला होता व आपले बूट भिजले होते, हे खरे आहे काय?

(२) त्यानंतर आपण दर रविवारी माझ्यासाठी येत होता, हे खरे आहे काय?

(३) असल्यास, पहिल्या प्रश्नाचं खोटं उत्तर लिहिणाऱ्याच्या दुसऱ्या उत्तरावर मी विश्वास का ठेवावा?

पहिल्या दोहोंची उत्तरं त्याला झोपेतही देता आली असती. तिसऱ्यापाशी तो अडत होता. कितीतरी वेळा त्याने कागद घेतला. दरवेळी वाटायचं, आपण लिहू ते सुंदर होईल, आणि ती म्हणेल, अक्षर चांगलं हाय. त्याला स्वतःच्या अक्षराचा राग येऊ लागला. साहेबांच्या चहाचा राग येऊ लागला. रेडिओवर अधिवेशनाच्या बातम्या लागल्या की तो बटण पिरगाळून बंद करी. पण राग खिशातच राहिला, पत्राशेजारी.

मार्चमध्ये मुंबईहून तातडीचा फॅक्स आला. बुद्धभूषणने तो सवयीने ओढून घेतला आणि वाचू लागला.

"ढवळवस्ती येथे जुनी होडी फुटून बुडाल्याने कर्तव्यावर असलेली आरोग्यसेविका पाण्यात पडून अत्यवस्थ झाली, हे खरे आहे काय?"

अक्षरं हलू लागली. त्याने फोनवर झेप घेतली. भिगवणच्या दवाखान्याचा नंबर लागेना. लागला तेव्हा पलीकडून कुणीतरी कंटाळलेल्या आवाजात म्हणालं, "बरी हाय आता. परवा घरी सोडली. लशीचा डबा तरंगला म्हणून वाचली. त्यालाच धरून बसली होती. नावाडी पोहून आला."

त्याने रिसीव्हर ठेवला आणि फॅक्स पुन्हा वाचला.

साहेब आले, फॅक्स वाचला, मान हलवली. "वाचली ना? झालं तर. लिही — अशी घटना घडलेली नाही."

"साहेब, ती पाण्यात पडली."

"आरं, आपल्या उत्तराप्रमाणं तितं यांत्रिक बोट चालू हाय. बोट चालू असताना ही बाई गळक्या होडीत कशाला बसंल? आन् होडी नसली तर बुडंल कशी? घटना घडलेली नाही. प्रश्न उद्भवत..."

"उद्भवतो," बुद्धभूषण म्हणाला.

कचेरीतला टाईपरायटर थांबला. त्याचा आवाज इतका मोठा असू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं.

"प्रश्न उद्भवतो, साहेब. ती बुडाली. नाकातोंडात पाणी गेलं तिच्या. आणि ती बुडालीच नाही असं मी माझ्या हाताने लिहू? बोट कुठाय? दाखवा मला. चला काठावर, मी बसतो तुमच्याबरोबर. तुमचे बूट भिजले नाहीत तर म्हणाल ते लिहितो."

"आवाज खाली. दुसऱ्याकडून लिहून घेईन मी."

"घ्या. मी माझं वेगळं लिहितो. नाव घालून, सही करून."

"तुझी बदली गडचिरोलीला झालेली कळंल तुला."

"तिथे तरी खऱ्या होड्या असतील," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

त्याने लिहायला घेतलं. जुलैत मी स्वतः होडीत बसलो होतो. होडी गळकी होती. यांत्रिक बोट मी कधीही पाहिलेली नाही. डिसेंबरचं उत्तर माझ्या हस्ताक्षरात असून ते खोटं आहे. सभागृहातलं उत्तर दुरुस्त करण्यात यावं, ही विनंती. लिहिताना पेन दोनदा कागदात रुतलं, एका ठिकाणी खाडाखोड झाली. त्याने ती तशीच ठेवली. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली. एक प्रत मुंबईला खात्याकडे, एक आमदारांना, दोन्ही रजिस्टरने. कचेरीत परतलं की कारणे दाखवा नोटीस टेबलावर असणार, हे त्याला ठाऊक होतं.

तिसरी प्रत त्याच्या हातात राहिली. टपाल कचेरीच्या ओट्यावर उन्हात बसून त्याने खिशातलं जुनं पत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं. मांडीवर फाईल ठेवून त्याने पहिल्यांदाच न थांबता उत्तर लिहिलं.

(१) होय, हे खरे आहे.

(२) होय, हे पूर्णतः खरे आहे. एस.टी. चुकली त्या रविवारीसुद्धा मी निम्म्या वाटेपर्यंत चालत आलो होतो.

(३) सोबत प्रत जोडली आहे.

विलंबाची कारणे : मी भित्रा होतो. येत्या रविवारी निमगावला येतो. तात्यांना विचारायचं आहे. तू नाही म्हणालीस, तरी विचारून जाईन.

त्याने प्रत घडी घालून आत सरकवली, पाकीट चिकटवलं, वर निमगाव केतकीचा पत्ता लिहिला. लाल पेटीच्या तोंडाशी हात क्षणभर अडला. मग त्याने पाकीट सोडलं, आणि ते आत तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला.