सुपडूआबांच्या निळ्या दुपारी

सुपडूआबांना म्हातारचळ लागलाय, ही कौतिकबाईंची तक्रार आता हमालांनासुद्धा पाठ झाली होती. रावेरकडच्या चार गावांत केळीचा रंग आबांइतका कुणाला कळत नसे. पिकवणीच्या थंड खोलीत यंत्रं केळीचा वास घेत, गारवा राखत, सगळं करत. पण माल बाहेर निघायचा तो आबांनी मान हलवल्यावरच. आणि हाच माणूस तीन आठवडे पिवळीधमक फणी हातात धरून म्हणत होता, की अजून हिरवट आहे, दोन दिवस राहू द्या. दोन गाड्या माल जागीच काळा पडला. वर स्वारी गुणगुणत हिंडत होती. डोळे गेले असतील तर चष्मा घ्या, अक्कल गेली असेल तर घरी बसा, असं कौतिकबाईंनी सगळ्यांसमोर सुनावलं. आबा नुसते हसले.

खरं तर त्यांना काय झालंय हे मनगटावरच्या नाडीपट्टीने सांगायला हवं होतं. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला आरोग्यकेंद्राने ती बांधली होती. दोन बोटं रुंद पट्टी, पण घामावरून रक्तात काय चाललंय ते ओळखायची, बिनसलं की बाईच्या आवाजात बोलायची आणि केंद्रालाही कळवायची. केंद्राचे निरोप कौतिकबाईंच्या फोनवर येऊन पडले होते. पण दुसरीत शाळा सुटलेल्या कौतिकबाईंना अक्षरं जुळवायला वेळ लागे, आणि ते कुणाला कळू देण्यापेक्षा न वाचलेलं बरं, असा त्यांचा खाक्या होता.

शेवटी एका दुपारी केंद्राच्या तरुण डॉक्टर तायडेंनीच फोन केला. आबांना तीन आठवडे एकशे दोन ताप आहे आणि नाडी नव्वदच्या खाली येत नाही, हे कसं, असं ती पोरगी काळजीने विचारत होती. कौतिकबाईंनी सकाळीच आबांच्या हाती चहा दिला होता. हात गार होता. त्या उठल्या, पट्टी शोधत घरभर फिरल्या आणि गोठ्यात थबकल्या. नाडीपट्टी शेळीच्या पायात होती.

पट्टी मुठीत घेऊन त्या तरातरा पिकवणीच्या खोलीकडे निघाल्या खऱ्या, पण वाटेत त्यांची पावलं मंदावली. कारण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. आबांना साखरेचा आजार जडला तेव्हापासून, म्हणजे पाच वर्षं, ते ओसरीवर निजत. का, ते त्यांनी सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. आपल्या जिभेला नवरा विटला, हे त्यांनी मनाशी धरलं आणि जीभ आणखी परजली. आणि आता तीन आठवडे, अधूनमधून, आबा दुपारचे आत येत होते. पडदा ओढला जाई, बाहेर केळीची पानं सळसळत, आणि पासष्टीच्या कौतिकबाई डोळे मिटून पडून राहत. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं होतं. जिंकलेल्याने चौकशा कशाला कराव्या?

खोलीचं दार त्यांनी उघडलं. आत धुकं साचलं होतं. घडांच्या रांगा त्यात तरंगत असल्यासारख्या दिसत होत्या आणि मधोमध आबा उभे होते, तळ्याच्या तळाशी उभं राहावं तसे.

"ये," ते म्हणाले. "दार लाव. सगळं कसं निळं झालंय बघ. केळी निळी, धुकं निळं. तुझे केससुद्धा. लग्नात नेसली होतीस ना, त्या लुगड्यासारखे."

लुगड्याचा रंग यांना आठवतो, हे कौतिकबाईंना आजच कळत होतं. शिव्या ओठांवर होत्या, त्या तिथंच विरल्या. तेवढ्यात आबांनी छातीवर हात दाबला आणि ते क्रेटच्या थप्पीला टेकून खाली बसले.

दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी कौतिकबाईंच्या कमरेच्या चंचीत सदा असे. त्यांनी ती काढली, आबांचं तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, आधी पट्टी मनगटावर आवळली. ती शांतपणे बोलली:

"जिभेखालची गोळी देऊ नका. रक्तात नळ्या सैल करणारं औषध आहे. दोन्ही मिळून दाब कोसळेल. गाडी निघाली आहे."

गोळी चिमटीतच राहिली. काय घेतलं, असं कौतिकबाईंनी विचारलं. आबांनी मान फिरवली. पुन्हा विचारलं, तेव्हा ते पुटपुटले, की बाजारातलं चूर्ण. मुसळी, अश्वगंधा, सगळा झाडपालाच, त्याने काय होतंय? कशासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कौतिकबाईंना विचारावं लागलं नाही. त्यांनी आबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडीचा आवाज येईपर्यंत त्या धुक्याकडे पाहत राहिल्या. तीन आठवड्यांतल्या त्या सगळ्या दुपारी त्यांनी जिंकल्या नव्हत्या तर. चूर्णाच्या पुडीतून आल्या होत्या.

आबा वाचले. चौथ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तायडेंनी खाटेजवळ बसून सगळं उलगडून सांगितलं. मुसळी-अश्वगंधा वाईट नाहीत, मात्र त्यांचा गुण येतो की नाही याचा भक्कम पुरावा अजून नाही. चूर्णात गुण होता तो विकणाऱ्याने गुपचूप कालवलेल्या गोळ्यांच्या भुकटीचा. ते औषधही मुळात वाईट नाही. रक्ताच्या वाटा ते रुंद करतं, कितीकांचे संसार त्याने सावरलेत. डोकं दुखतं, नाक चोंदतं, कुणाला जग निळसर दिसतं, तेवढं सोसता येतं. पण ज्याच्या उशाशी जिभेखालची गोळी आहे, त्याला ते चालत नाही. त्याच्यासाठी दुसरे उपाय आहेत. मग ती म्हणाली, "आबा, शरीरातल्या बारीक नळ्या आधी बुजतात, हृदयाच्या पुष्कळदा नंतर. पाच वर्षांपूर्वी बोलला असतात, तर हृदयाचं तेव्हाच कळलं असतं."

आबा छताकडे पाहत होते.

डॉक्टरने हातातली काचपाटी पुढे केली. पट्टीत नवी सोय आली होती. जिवावरचं ती सांगेलच; पण पुरुषाला लाजेपोटी जे सांगता येत नाही, तेही आता त्याच्या बायकोला हळूच कळवेल. संमती म्हणून पाटीवर आबांचा अंगठा तेवढा हवा. आबांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि अंगठा उचलला.

कौतिकबाईंनी तो वरच्यावर धरला.

"नाही," त्या म्हणाल्या. "जिवाचं काय ते सांगू दे तिला. बाकीचं मला त्या पट्टीकडून ऐकायचं नाही. पाच वर्षं मला वाटलं, माझ्या जिभेला विटलात. मी काय तुमच्याकडं मर्दुमकी मागत होते? आजपासून तुम्ही आत निजायचं. जमलं तर जमलं, नाही तर नाही, पण तोंडाने सांगायचं. चूर्ण खायला भ्याला नाहीत, मग माझ्याशी बोलायला एवढं काय भ्यालात हो?"