आत्मारामांचं गलबत

शालिनी केळुसकर आल्या त्या भांडायच्या तयारीतच. शारजाच्या रोल्ला भागातल्या उर्मिला राजेच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात त्यांनी खुर्चीसुद्धा घेतली नाही.

"माझा नवरा आज एका निरपराध माणसाला देशाबाहेर घालवतोय," त्या म्हणाल्या. "संध्याकाळचं विमान आहे. थांबवता येत असेल तर थांबवा, नसेल तर तसं सांगा."

उर्मिला पूर्वी दुबईतल्या जबल अली बंदरात विम्यासाठी भिजलेल्या-फुटलेल्या मालाची तपासणी करायची. आता खासगी चौकशा करते. अरुण तिचा नवरा. तो गाडी चालवतो, चहा मागवतो आणि प्रत्येक प्रकरणात सगळ्यात आधी चुकीचा माणूस पकडतो. ही त्याची नेमाने होणारी कामगिरी आहे.

हकीकत अशी होती. आत्माराम केळुसकरांचा शारजात सुतारकामाचं वर्कशॉप. तिथे तीन वर्षं खपून सहा फुटी सागवानी गलबत तयार झालं होतं. गलबत म्हणजे मराठी आरमारातली लहान, चपळ लढाऊ नाव. वारा असला की शिडावर, पडला की वल्ह्यांवर. मोठं जहाज वाऱ्याची वाट बघत बसलं की ही गलबतं चारी बाजूंनी त्याला भिडायची. उद्या हे गलबत प्रदर्शनात जायचं होतं. आज सकाळी दार उघडलं तर जमिनीवर नुसता ढीग. काल आत्मारामांनी ड्रायव्हर वलीला सगळ्यांदेखत झापलं होतं आणि वलीकडे चावी होती. झालं, वली दोषी. व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या पीआरओला व्हिसा कॅन्सल करायला सांगूनही झालं.

"वलीच," अरुण गाडीत बसता बसता म्हणाला.

"मग तो नसणार," उर्मिला म्हणाली.

वर्कशॉपच्या दाराशी वली आपल्या बॅगेवर बसला होता. पेशावरला तीन मुली, त्याच्या एकट्याच्या पगारावर शिकणाऱ्या. "मैडम, मैंने हाथ भी नहीं लगाया," एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाली बघू लागला.

आत ढिगाशी उर्मिला उकिडवी बसली. फळ्या, वल्ही, आडवी पडलेली डोलकाठी. एकेक तुकडा ती उलटसुलट करत होती. अरुणने मदतीला म्हणून नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा तुकडा उचलला आणि हात झटकला. त्याला मुंगी चावली होती. सागाच्या भुशात मुंग्या कशाला मरायला येतात, असं तो करवादला. उर्मिलाने तुकडा घेतला. टोकावर पांढरट, चिकट काहीतरी वाळलं होतं. तिने ते हुंगलं आणि तुकडा बाजूला ठेवला.

मग तिचं लक्ष फडताळाकडे गेलं. तिथे धुतलेल्या रुमालाची घडी आणि घडीवर कुंकू लागलेली सुपारी. शालिनीताई चकित झाल्या. ती सुपारी त्यांनीच गणपती म्हणून गलबताच्या पोटात, मागच्या बाजूला बसवली होती, काम सुरू केलं त्या दिवशी. ती बाहेर कोणी काढली, त्यांना ठाऊक नव्हतं.

चाव्या चौघांकडे होत्या: आत्माराम, त्यांचा मुलगा दर्शन, पुतण्या कुणाल आणि वली.

आत्माराम टेबलामागून उठलेही नाहीत. टेबलावर कालच आलेली पितळी पाटी होती: 'निर्मिती: आत्माराम केळुसकर'. दुसरं नाव नाही. बायकोने परस्पर माणसं आणली म्हणून त्यांनी आधी बायकोची खरडपट्टी काढली, मग उर्मिलाची. डोलकाठी कशी बसवली होती, असं तिने विचारलं.

"सरस आणि स्क्रू. आणखी कशी बसवतात? ज्याने बांधलं त्याला तुम्ही शिकवणार?"

दर्शन इथेच वाढलेला. डॅडनी हे वर्कशॉप विकावं, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने लपवलं नाही. "ऑनेस्टली, आय डोन्ट केअर. पण मी तोडलं असतं तर कटरने तोडलं असतं." सुपारीबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "ती जेवणानंतर खातात ना?"

कुणाल फोरमन. आईबाप गेल्यावर काकांनी त्याला मालवणहून आणलेला. सकाळपासून आपण आत पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, बघवणार नाही, असं त्याने सांगितलं. गलबत काकांनीच बांधलं, असंही सांगितलं. पुन्हा उभं करता येईल का, यावर तो चटकन म्हणाला, "येईल की. फळ्या सगळ्या शाबूत आहेत."

उर्मिलाने सगळ्यांना ढिगाभोवती बोलावलं. वलीलाही.

"अरुण, यातली फुटलेली फळी दाखव."

अरुणने शोधलं. एकही नव्हती.

"म्हणजे हे फोडलेलं नाही, सोडवलेलं आहे," उर्मिला म्हणाली. "यात एक स्क्रू नाही, सरसाचा थेंब नाही. सगळं लाकडी खुंट्यांवर बसवलंय आणि खुंट्या आतून ठोकल्यात. कुठल्या क्रमाने काढायच्या, हे फक्त बांधणाऱ्याला माहीत."

आत्माराम काही बोलणार होते. तिने त्यांना बोलू दिलं नाही.

"तुम्ही सरस आणि स्क्रू म्हणालात. तेव्हा तुम्ही बांधलं नाही, म्हणून तुम्ही मोडलंही नाही. शालिनीताईंकडे चावीच नाही. मोडणाऱ्याने आधी देव जागेवरून हलवला, आपण विसर्जनाआधी हलवतो तसा. मग नाळेला दही-साखर लावली, निघणाऱ्याच्या हातावर घालतो तशी. त्यावर मुंग्या आल्या. हे वलीला सुचणार नाही आणि दर्शनला तर सुपारी म्हणजे मुखवास वाटतो. उरला तो माणूस, ज्याने आत पाऊल न टाकता फळ्या शाबूत असल्याचं सांगितलं."

कुणालने नाकारलं नाही. "तीन वर्षं माझी गेली," तो म्हणाला. "काल पाटी आली. माझ्या हाताने मोडेन, पण त्या पाटीखाली जाऊ देणार नाही, असं ठरवलं. त्याला कोणीतरी निरोप द्यायला हवा होता, म्हणून दही."

अरुणला त्याची दया आली. उर्मिलाला नाही आली.

"लाकडाला दही लावून निरोप दिलास," ती म्हणाली. "आणि हा जिवंत माणूस सकाळपासून दारात बॅगेवर बसलाय. त्याला तसाच जाऊ देणार होतास?"



आत्माराम कडाडले. कृतघ्न, नालायक, तुझाच व्हिसा कॅन्सल करतो आणि हे गलबत मी स्वतः उभं करतो. शालिनीताईंनी खाली वाकून एक खुंटी उचलली आणि नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"बसवा बघू," त्या म्हणाल्या.

आत्मारामांनी खुंटी फिरवून पाहिली. एका भोकाला लावली, गेली नाही. दुसरीकडे लावली, ढिली पडली. सगळे बघत होते.

"दर्शन," शेवटी ते म्हणाले, "पीआरओला फोन कर. वलीचा व्हिसा कॅन्सल करू नको म्हणावं." मग खुंटी त्यांनी कुणालपुढे धरली, त्याच्याकडे न बघता. कुणालने ती घेतली नाही. तो आधी वलीकडे गेला आणि हात जोडून उभा राहिला.

वलीने बॅग खांद्याला लावली आणि त्याला वळसा घालून दाराकडे निघाला. दारात थांबून एवढंच म्हणाला, "कल नाव ले जाने के लिए दूसरा ड्राइवर देख लेना."

शालिनीताईंनी टेबलावरची पितळी पाटी उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आत्मारामांनी ती बाहेर काढली नाही.