जबडा फुटलेली हरणी

शेगडीजवळ सरका पोरांनो. इनेस मॅकके तुम्ही पाहिलेला नाही. स्कॉटलंडच्या या उत्तर टोकाला, सदरलंडच्या याच डोंगरात अकरा वर्षं तो माझ्याबरोबर हरणांची देखरेख करायचा. आता इनव्हर्नेसला लॉरी चालवतो.

दोन वर्षं झाली. बारा डिसेंबर, गुरुवार. त्या हिवाळ्यात कळप साडेचारशेचा आणि गवत जेमतेम तीनशेंना पुरेल एवढं. म्हाताऱ्या, भाकड, खंगलेल्या माद्या आधी गोळी घालून काढायच्या, म्हणजे उरलेली हरणं वसंतापर्यंत तगतात आणि पुढच्या शिकारीला धडधाकट नर मिळतात. त्या दिवशी इनेसला एकच मादी काढायची होती. तीन वाजून दहा मिनिटांनी, उजेड जाता जाता त्यानं नेम धरला. हरणीनं नेमकी मान उचलली. गोळीनं जबडा उडवला, आणि ती तशीच दलदलीकडे पळाली.

अंधार झाला. इनेस घरी आला.

"सकाळी बघतो," तो बायकोला म्हणाला.

"आणि सकाळपर्यंत ती काय करेल?" मायरीनं विचारलं.

"दमलोय मी."

"तीही दमली असेल. जेवण झाकून ठेवते. जा."

सव्वापाचला तो परत निघाला. बंदुकीत नव्या चार गोळ्या, हातात विजेरी. बर्फावर रक्त होतं. ठिपके, मग ओघळ, मग तिनं तोंड घासलं असेल तिथे पाटाएवढा लाल डाग. तासाभरानं घरघर ऐकू आली.

हरणी वरच्या उतारावर उभी होती. खालचा जबडा कातड्याला लोंबत होता. इनेसनं बंदूक खांद्याला लावली, तेवढ्यात ती अंगावर आली. दोघंही गडगडत काळ्या चिखलाच्या खड्ड्यात पडली. बंदूक हातातून सुटली. दगडावर आपटून नडगीचं हाड कातडीबाहेर आलं.

हरणी त्याच्यावरच पडली होती. खूर छातीत बसत होते. एक बरगडी मोडली, मग दुसरी. त्यानं सुरा काढला, तिच्या मानेत खुपसला. हाडाला लागून घसरला. पुन्हा खुपसला. गरम रक्त डोळ्यांत गेलं. ती मरेना.

मग त्यानं सुरा टाकला. तिला तशीच सोडून कोपरांवर सरपटत कडेकडे निघाला.

मानगूट कुणीतरी धरली.

थंड हात. माणसाचा. त्यानं इनेसचं तोंड चिखलात दाबलं. वर काढलं. पुन्हा दाबलं. नाकातोंडात चिखल... पुन्हा वर. कानाशी आवाज आला, म्हाताऱ्या माणसाचा, अजिबात न चढलेला.

"आधी तिला."

इनेस म्हणाला, "सुरा... सापडत नाही..."

मानेवरची पकड आणखी घट्ट झाली.

पुन्हा चिखल. या वेळी बराच वेळ.

मग बार झाला. अगदी कानाशेजारी.

हात सुटला. हरणी शांत झाली. इनेसनं मान वळवली. कुणी नव्हतं. वारासुद्धा नव्हता...

नऊच्या सुमाराला मायरीचा फोन आला, तेव्हा आम्ही तिघं रखवालदार वर गेलो. इनेस हरणीच्या पोटाला चिकटून पडला होता, म्हणून गारठून मेला नाही. "गोळी कुणी घातली?" एवढंच विचारत होता. आमच्यापैकी कुणी घातली नव्हती. त्याची बंदूक खड्ड्याच्या तळाशी सापडली. नळीत चिखल, चारही गोळ्या आत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः ती हरणी सोलली. मानेत, मणक्यापाशी, गोळी मिळाली. आम्ही सगळे बारा वर्षं तांब्याच्या गोळ्या वापरतो. ही शिशाची होती, आमच्या आधीच्या म्हाताऱ्या रखवालदारांच्या वेळची. मढं रात्रभर हुकाला टांगून दगडासारखं गोठलं होतं.

गोळी माझ्या तळहातावर कोमट लागत होती.