धाकट्याच्या गाठी

बसा. मोबाईल उलटे ठेवा आणि मध्ये मध्ये "मग काय झालं" म्हणून विचारू नका. सांगायलाच बसलोय. ज्याच्यावर हे बेतलं तो धाकटा मिस्त्री माझ्या शेजारच्या गाळ्यातला. खोटं बोलणं त्याला उभ्या जन्मात जमलं नाही, म्हणून तर मी हे खरं मानतो.

चौदा नोव्हेंबर, मंगळवार. रात्री साडेदहाला थोरल्या भावाने त्याला हाक मारली. पेट्रोल पंपावरच्या वॉचमनची बॅटरी चार्ज होऊन पडली होती, ती पोचवायची होती.

"माझी गाडी ने," थोरला म्हणाला. "तुझं मागचं चाक बसलंय."

धाकट्याने बॅटरी पिशवीत घातली. मीटर, टॉर्च आणि बोल्ट सोडायचे दोन पाने सवयीने खिशात गेले. निघाला.

हे दोघे भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला वाढवलं आणि हात धरून काम शिकवलं. कंपनीसुद्धा विसरली असेल अशा जुन्या मोटरसायकली त्यांच्याकडे यायच्या. इंजिन थोरल्याकडे, वायरिंग धाकट्याकडे. धाकटा वायर जोडायचा ती डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, वर मेणाच्या दोऱ्याच्या दोन गाठी मारून. थोरला दोन टोकं पिळायचा, टेप गुंडाळायचा आणि म्हणायचा, "चालतंय की!" दोघांचे जोड अक्षरासारखे ओळखू यायचे. तुम्ही लोक आता अख्खा पार्टच बदलून टाकता, तुम्हाला काय कळणार म्हणा.

पण त्या रात्री धाकट्याने वायरीला हात लावून वर्ष उलटलं होतं. कारण त्याचा कंपाउंडर. शाळेपासूनचा जिवलग मित्र, रात्री-अपरात्री गाडी काढून लोकांना इंजेक्शनं द्यायला जाणारा. त्याच्या जुन्या गाडीचं चार्जिंग धाकट्याने एका संध्याकाळी नीट केलं, गाडी रात्रभर गॅरेजात राहिली, सकाळी तो घेऊन गेला. त्याच रात्री ओढ्यावरच्या मोरीच्या वळणावर दिवा विझला. गाडी खड्ड्यात, आणि माणूस जागेवर गेला.

लोकांनी विचारलं, दिवा कुणी केला होता? थोरला प्रत्येकाला हात जोडून सांगायचा, "लहान आहे हो, चुकला असेल. सांभाळून घ्या." काय देवमाणूस भाऊ, लोक म्हणाले. धाकट्यालाही तसंच वाटलं. मीटरवर चौदा व्होल्ट, म्हणजे चार्जिंग चोख, हे त्याने स्वतः पाहिलं होतं, पण दहा जण म्हणायला लागले की माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडतो. कंपाउंडरच्या आईच्या दारावरून जाताना तो मान खाली घालायचा. "काका, मी मारलं त्याला," असं मला एकदा म्हणाला होता.

तर बॅटरी देऊन तो परत निघाला. अकरा चाळीस झाले होते. मोरीच्या अलीकडे एक मोटरसायकल उभी दिसली. इंजिन चालू, दिवा मात्र पिवळा, मरतुकडा. शेजारी हेल्मेट घातलेला माणूस, पाठमोरा.

"काय झालं भाऊ?"

हेल्मेट मागे वळलं नाही.

धाकटा जाऊ शकला असता. पण तो दिवा तसा बघवेना. या अंधारात, या वळणावर दुसरा माणूस जायला नको, एवढंच त्याच्या मनात आलं. उतरला, टॉर्च दातात धरली, सीट उचललं.

बॅटरीला मीटर लावलं. अकरा. ॲक्सिलरेटर पिळला, तरी अकराच. म्हणजे बॅटरीत काही जातच नव्हतं, ती आपलं पोट जाळत दिवा पेटवत होती. कॉइल वीज करते आणि रेक्टिफायर ती बॅटरीला पचेल अशी करून देतो. दोघांपैकी एक चोर. कॉइलच्या तिन्ही वायरी सोडवून तपासल्या. तिन्हींत वीज सारखी, चोख.

"कॉइल ठणठणीत आहे," तो म्हणाला. "रेक्टिफायर बघतो."

माणूस हलला नाही.

इंजिन बंद केलं. रेक्टिफायरला जळका वास. बोल्ट सोडले. वायरींचा जोड बोटाला लागला. पिळलेला, वर टेप.

धाकटा थांबला. हा जोड त्याने हजारदा पाहिला होता. दादाचा जोड.

असेल. दादाने किती गाड्या केल्या... जोड सोडवून जळका रेक्टिफायर त्याने खिशात टाकला आणि कॉइलच्या वायरींची उघडी टोकं झाकायला घेतली. पिवळी. पिवळी. हिरवी.

हिरवी?

पिवळी वायर संपली म्हणून हिरवी घातली होती. आयुष्यात एकदाच. एकाच गाडीला. वर मेणाचा दोरा... दोन गाठी.

ती गाडी भंगारात जाऊन वर्ष झालं होतं.

टॉर्च दातातून पडली. उजेड मातीत. त्याने मान वर केली. माणूस अजून पाठमोराच. फक्त हात उचललेला. बोट थोरल्याच्या गाडीकडे.

धाकटा गेला. का गेला, ते त्यालाही सांगता येत नाही. त्या गाडीच्या सीटखाली थोरला कुणाला हात घालू द्यायचा नाही. त्याने सीट उचललं. आत रेक्टिफायर. त्याला वीतभर वायर... आणि त्या वायरीवर दोन गाठी. मेणाच्या. त्याच्या स्वतःच्या. गाठींसकट कापून आणलेला.

मागे वळला.

रस्ता मोकळा. गाडी नाही. माणूस नाही. दिवा... नाही.

घरी आला तेव्हा थोरला जेवणाच्या टेबलाशी हिशोब नाही की काम नाही, नुसता जागा बसला होता.

"दादा, कंपाउंडरच्या गाडीतला रेक्टिफायर तुझ्या गाडीत कसा?"

थोरल्याने "कसला रेक्टिफायर" असं विचारलं नाही. "काहीतरीच काय" म्हणाला नाही. तो म्हणाला, "कुणी सांगितलं तुला?"

पोरांनो, धाकटा मला म्हणाला, मोरीवर भीती वाटली होती, पण पायाखालची जमीन सरकली ती या तीन शब्दांनी.

"पहाटे सासुरवाडीला निघायचं होतं," थोरला म्हणाला. "माझा जळला होता. म्हटलं, त्याचा मी नेतो, दोन दिवस त्याच्या गाडीला माझा लावू, आल्यावर बदलू... मला काय माहीत, तो त्याच रात्री..."

"आणि नंतर?"

थोरला टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला.

"नंतर वर्षभर, दादा? मी जेवत नव्हतो, तेव्हा तू माझ्या ताटात वाढत होतास. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास. त्याच हाताने?"

...

धाकट्याने खिशातून जळका रेक्टिफायर काढला आणि टेबलावर ठेवला. थोरला ताडकन उठला. खुर्ची मागे सरकली.

"हा... हा नाही. हा कसा असेल? बातमी आली त्याच रात्री मी गाडी आणायला गेलो, हा काढला आणि विहिरीत फेकला. या हाताने फेकला मी."

सकाळी धाकटा कंपाउंडरच्या आईकडे गेला, खरं काय ते सांगितलं, आणि घर सोडून माझ्या गाळ्यात राहायला आला. तो रेक्टिफायर माझ्या फळीवर आहे. भर उन्हाळ्यात तो मी स्वतः पुसून, कोरडा करून, खाली वर्तमानपत्र घालून ठेवतो.

सकाळी कागद ओला असतो. आणि पाण्याला शेवाळाचा वास येतो.