वाऱ्याने महिने सोडले

रस्नीदाची चिलापी न बोलावता बुस्तामीच्या घरी गेली, तिथून हे सगळं सुरू झालं.

घर म्हणजे पिंजरा. मनिन्जाऊच्या तळ्यात पिंपांच्या तराफ्यांखाली माशांचे जाळीचे पिंजरे टांगलेले असत, आळीतल्या घरांसारखे, एकाला एक लागून. एका दुपारी डोंगरावरून वाऱ्याचा झोत आला, रस्नीदाच्या तराफ्याचा दोर तुटला आणि तो वाहत जाऊन शेजारच्या तराफ्यावर आदळला. दोन्हीकडच्या जाळ्या फाटल्या. ती होडी वल्हवत, धापा टाकत पोचली, तेव्हा एक ओलाचिंब माणूस गुडघे टेकून आपल्या पिंजऱ्यात डोकावत होता. त्याच्या काळ्या माशांत तिची लाल चिलापी खुशाल मिरवत होती.

"तुमची मंडळी भारी धीट," तो म्हणाला.

"परत द्या."

"देतो की. पण आपल्याकडे नवरा जातो बायकोच्या घरी नांदायला. या तर आपण होऊन माझ्या घरी आल्या... लोक काय म्हणतील?"

रस्नीदाने ओठ चावून हसू दाबलं. "पोरवयाच्या आहेत. रीत कळत नाही त्यांना."

लाल मासे वेचून काढायला संध्याकाळ झाली. तो मुद्दाम काळेच पकडत होता आणि परत सोडत होता. तिच्या ते लक्षात आलं होतं. मग तीही सावकाश वेचू लागली.

मग चारा टाकायच्या वेळा जुळू लागल्या. ती तांदळाएवढ्या माशांची गरम भजी केळीच्या पानात बांधून आणायची. तो तिचं जाळं शिवून द्यायचा. आधी ती 'अहो' म्हणायची. एक दिवस तोंडातून 'उदा' निघून गेलं. तिथल्या बायका आपल्या माणसाला उदा म्हणतात. बुस्तामीचं वल्हं पाण्यातच थांबलं. ती मान फिरवून उगाच डोंगराकडे पाहत राहिली...

तिकडे मागणी घालायची ती मुलीकडच्यांनी. मुलीचा मामा विड्याचं तबक घेऊन मुलाच्या आईकडे जातो. त्यावरून बुस्तामी तिला छळायचा.

"ओसरीवर वाट बघून बघून माझी आई वाकली."

"एवढी घाई असेल तर दुसरीकडे बघा."

"बघतो ना. पण मान इकडेच वळते, त्याला काय करू?"

रस्नीदाचा मामा तयार होता. मासे अंगाने भरले, विकले, की तबक निघेल. रिकाम्या हाताने दुसऱ्याच्या ओसरीवर जाणार नाही, असं तो म्हणाला. आईनेही मान डोलावली.

त्या वर्षी ऊन हटेना. तळ्याचं पाणी चुलीवर ठेवल्यासारखं कोमट झालं. बुस्तामीला चैन पडेना. तळाशी वर्षानुवर्षांचा चारा कुजून पडलाय, वरचं पाणी तापलंय म्हणून तो खाली दबून आहे, गार पाऊस-वारा आला की ती घाण वर येईल, असं तो सांगत सुटला. मासे लहान असले तरी निम्मे काढून विकू या, म्हणाला. मामा हसला. ते वारं वर्षाच्या शेवटी येतं, आज्याच्या काळापासून येतं. वाऱ्यालाही महिना असतो.

"वाऱ्याने महिने सोडले, मामा," बुस्तामी म्हणाला.

रस्नीदाला दोघांचंही पटत होतं. पण लहान मासे विकले, तर तबक वर्षभर पुढे जाणार होतं.

"अजून थोडे दिवस, उदा..."

मग त्यानेही आपले मासे पाण्यातच ठेवले.

वारं आलं ते ऐन कोरड्या महिन्यात. दुपारभर गार पाऊस कोसळला. सकाळी तळ्याला विझलेल्या आगकाडीचा वास येत होता. पाणी दुधाळ झालेलं, आणि नजर जाईल तिथवर पाण्याबाहेर उघडी तोंडं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून दोघांनी वल्ह्यांनी पाणी झोडलं, बादल्यांनी उपसून परत ओतलं. हात सोलून निघाले. दुपारपर्यंत लाल काय, काळी काय, सगळी पोटं पांढरी होऊन वर आली.

काठावर खड्डे खणून मासे पुरले. तळ्याचा मासा म्हटलं की बाजारात लोक तोंड फिरवू लागले. ज्यांच्याकडे जमीन होती, ते घरामागे टाक्या बांधून मासे पाळायचं बोलू लागले. रस्नीदाच्या घरची जमीन उभ्या चढाची होती, झऱ्यापासून लांब. बुस्तामीची तर नव्हतीच. तिथे जमीन आई-बहिणींची असते. पुरुषाला असते ती परगावची वाट. मुलूख सोडून दूर कुठल्यातरी खाणावळीत राबायचं त्याने ठरवलं.

मामा तबक नेईना. मग रस्नीदाने आईचं पितळी तबक काढलं, पानं मांडली, वर फडकं घातलं आणि एकटीच होडीत बसली. मुलीने स्वतः तबक नेलेलं त्या काठावर कोणी पाहिलं नव्हतं.

बुस्तामी तराफ्याची पिंपं सोडवत होता.

"मामा येणार नाही. मी आलेय," ती म्हणाली. "येता का आमच्या घरी, उदा?"

त्याने हात धुतले. पण तबकाकडे नेले नाहीत.

"तुझ्या पिंजऱ्यांचं काय करणार?"

"पुन्हा माशांची बोटुकली सोडीन, बोटभर पिल्लं. थोडी सोडीन. तुम्ही बरोबर असलात तर..."

"तेच. मी हो म्हटलं की तू या पाण्यात पुन्हा बोटुकली सोडणार. ही मेली की पुन्हा. माझ्यासाठी."

"सोडीन."

"आणि मी ते बघत बसू?"

पाणी पिंपांवर आपटत राहिलं.

"मी आवडत नाही, असं सांगा ना सरळ..."

"आवडतेस," तो म्हणाला. "म्हणून घेत नाही." त्याने सरकलेलं फडकं पानांवर नीट ओढलं. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली, थोडी थांबली, निघाली.

दुसऱ्या दिवशीच्या बसने तो घाट चढून गेला.

पाऊस लागल्यावर बोटुकली विकणारा माणूस नेहमीसारखा काठाने हाका मारत आला. रस्नीदाने एक पिशवी उजेडाकडे धरली. आत लाल ठिपके वळवळत होते. आई म्हणाली, घे थोडी, देव देईल. रस्नीदा किती तरी वेळ बघत राहिली.

"नको," म्हणून तिने पिशवी परत दिली.

बुस्तामीला जे हवं होतं, ते तिने केलं. त्याला ते कळवायला मात्र त्याने पत्ता ठेवला नव्हता.